सर्व सुधारणा मान्य

आत्याच्या शब्दकोशाची वाट मी लावली, असं घरात सगळे म्हणतात. मला हे वाक्य मान्य नाही. वाट संगणकानं लावली, मी फक्त 'मान्य' म्हणालो. पण हा फरक मी जितक्या वेळा समजावून सांगायला गेलो तितक्या वेळा बायकोनं "हो का" म्हणून भाजी चिरायला घेतली, त्यामुळे आता मी तो नाद सोडला आहे.

मी मुद्रितशोधक आहे. हे सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे नेमकं काय शोधता?" चुका शोधतो. पुस्तक छापण्याआधी त्याची कच्ची पानं माझ्याकडे येतात, मी लाल पेन्सिल घेऊन ऱ्हस्व-दीर्घ, काना-मात्रा, टिंबं तपासतो आणि पुस्तक शुद्ध होऊन परत जातं. या धंद्यानं माणसाचा स्वभाव बिघडतो हे मात्र मला मान्य आहे. दवाखान्यात 'रांगेत ऊभे रहा' अशी पाटी दिसली की माझा ताप वाढतो. लग्नाआधी बायकोनं मला लिहिलेली पत्रं मी दुरुस्त करून परत पाठवायचो, अशी एक अफवा आमच्या नातेवाइकांत आहे. ती अफवा नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. जन्मभर एका कचेरीत टायपिस्ट होती. नोकरी संपल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, ती स्वतःची उशी, एक छत्री आणि टाइपरायटरवर तयार झालेली दहा बोटं घेऊन. बोटांना काम नसलं की ती टेबलावर आपोआप वाजत. म्हणून मी तिला माझा जुना संगणक दिला. त्याला कशाचीच जोडणी नव्हती. त्यावर एक जुना टायपिंगचा प्रोग्राम होता आणि तो बिचारा सांगितलेलं टाइप करण्यापलीकडे काही करत नसे.

आत्यानं त्यावर शब्दकोश सुरू केला. जगात आहेत ते शब्द नव्हेत, ते माझ्यासारख्या लोकांच्या ताब्यात असतात. तिनं आमच्या घरातले शब्द घेतले. प्रत्येक घरात असे शब्द असतात. कुणीतरी लहानपणी बोबडं बोलतं, कुणीतरी चिडून काहीतरी म्हणतं, आणि तो शब्द पुढं तीन पिढ्या स्वयंपाकघरात फिरत राहतो. रागानं घर सोडून निघायचं आणि कोपऱ्यावरून परत यायचं, याला आमच्याकडे 'रुसफेरी' म्हणतात. समोरचा बोलत असताना बसल्या बसल्या झोपून मान डोलावणं म्हणजे 'पेंगुरणं'. भांडं घासायला लागू नये म्हणून तळाशी मुद्दाम राखलेला चमचाभर पदार्थ म्हणजे 'उरकुंडी'. आणि काहीतरी फोडल्यावर लहान मूल जी एक विशेष शांतता धरतं, ती 'गप्पूट'. माझं स्वतःचं लाडकं नावही त्यात होतं, पण ते मी इतक्यात सांगणार नाही.

"हे सगळं कशाला लिहून ठेवतेस?" मी तिला एकदा विचारलं होतं.

"दादा गेला, तेव्हा त्याच्याबरोबर बरेच शब्द गेले," ती म्हणाली. दादा म्हणजे माझे वडील. "आता हे बोलणारी मी एकटीच उरले. तुम्हाला येतात ते निम्मेअर्धे. मी गेल्यावर कुणाला विचाराल?"

रोज संध्याकाळी लिहून झालं की ती पडद्यावरचं 'जतन करा' हे बटण दाबायची. तो शब्द तिला फार आवडायचा. कचेरीत ती प्रत्येक कागदाची कार्बन कॉपी काढून ठेवणारी बाई होती, पण या संगणकावर तिनं कधी दुसरी प्रत काढली नाही. मशीन स्वतःच्या तोंडानं 'जतन केले' असं सांगत असताना त्याच्यावर अविश्वास दाखवणं तिला बरं दिसलं नसावं.

इथवर सगळं ठीक होतं. मग मला हा शब्दकोश छापायची बुद्धी झाली.

म्हणजे फार मोठं काही नव्हतं मनात. छोटी पुस्तिका, नातेवाइकांपुरत्या प्रती. आत्या म्हणाली, "छापायचं कशाला? बोला की." पण मी ऐकलं नाही. तिला नक्की आनंद होईल असं मला वाटत होतं, आणि मला वाटतं त्याच गोष्टीनं लोकांना आनंद व्हावा असा माझा आग्रह असतो. मी ओळखीच्या छापखानेवाल्याकडे गेलो. त्यानं जुन्या प्रोग्रामचं नाव ऐकून असा चेहरा केला, जणू मी ताम्रपट घेऊन आलो होतो. "हे आता कुठंच उघडत नाही," तो म्हणाला. "नव्या प्रोग्राममध्ये करून आणा."

नवा प्रोग्राम कुठला आणि कसा, हे सांगायला वरच्या मजल्यावरचे जाणकार होतेच. त्यांना आम्ही जाणकार म्हणतो, कारण ते स्वतःच स्वतःला तसं म्हणतात. नळाच्या गळतीपासून पित्तापर्यंत कुठल्याही विषयावर त्यांचं मत असतं आणि ते बाहेर काढायला प्रश्न विचारावा लागत नाही. जिन्यात फक्त उभं राहिलं तरी पुरतं.

"नवा प्रोग्राम विकत मिळत नाही," जाणकार म्हणाले. "वर्गणी भरायची. जोवर भरताय तोवर तुमचा."

"आणि भरणं थांबवलं तर?"

"थांबवायचं कशाला?" ते म्हणाले, आणि संगणकाला जोडणी करायला खाली वाकले.

त्यांनी सांगितलं की आता सगळं लिहिलेलं ढगात राहणार. आत्या दारात उभी राहून ऐकत होती.

"म्हणजे माझं लिहिलेलं या घरात राहणार नाही?"

"राहणारच की, आत्याबाई. फक्त तिकडे राहणार."

"कुणाच्या घरी?"

जाणकारांनी या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं. तेवढ्यात पडद्यावर करार आला. अटी आणि शर्ती. जाणकार म्हणाले, "हे कुणी वाचत नाही, खाली जाऊन मान्य म्हणा." इथं माझा अभिमान दुखावला. आयुष्यभर जो माणूस दुसऱ्यांची पुस्तकं शेवटच्या पानापर्यंत वाचतो, तो स्वतःचा करार न वाचता सही करणार? मी म्हणालो, "मी वाचणार." आणि मी तो अख्खा करार वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. जाणकारांचा चहा संपला, बिस्किटं संपली, ते दोनदा पेंगुरले, पण मी हटलो नाही.

करारात भयंकर चुका होत्या. एका कलमात लिहिलं होतं : 'सेवेचा दर्जा राखण्यासाठी वापरकर्त्याच्या मजकूरात योग्य ते बदल करण्याचा हक्क कंपनीकडे राहिल.' आता 'मजकूर' या शब्दाला प्रत्यय लागला की 'कू' ऱ्हस्व होतो, 'मजकुरात' असं लिहायला हवं. आणि 'राहील' मधला 'ही' दीर्घ. एका वाक्यात दोन चुका! मी त्या जाणकारांना मोठ्यानं वाचून दाखवल्या. आम्ही दोघांनी त्या कंपनीच्या शिक्षणाबद्दल हळहळ व्यक्त केली. त्या वाक्याचा अर्थ काय होता, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. मी शब्द वाचत होतो. अर्थ वाचायचे पैसे मला कधीच कुणी दिलेले नाहीत.

मग ओळख पटवण्यासाठी एक गुप्त प्रश्न आला : तुमचं बालपणीचं लाडकं नाव काय? मी जाणकारांना म्हणालो, "दुसरा प्रश्न नाही का?" तोवर आत्यानं स्वयंपाकघरातून आवाज दिला, "भुपकू!"

जाणकारांनी ते टाइप केलं. ते करताना त्यांचे खांदे हलत होते. माझ्या वयाच्या आणि चष्म्याच्या माणसाला 'भुपकू' म्हणतात, ही बातमी त्या संध्याकाळी जिन्यानं खाली-वर दोन्हीकडे गेली. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या बाईंनी मला "काय, बरंय ना?" असं विचारलं, तेव्हा त्या 'बरंय' आणि 'ना' यांच्या मधल्या जागेत तो शब्द होता.

जाता जाता जाणकार म्हणाले, "आता अधूनमधून सुधारणा येतील. प्रोग्रामच्या. जे विचारेल त्याला हो म्हणायचं."

ते गेले आणि जुन्या प्रोग्राममधलं आत्याचं सगळं लिखाण नव्यात जाऊन बसलं. जागा वाचावी म्हणून जुनी प्रत काढून टाकल्याचंही त्यानं नम्रपणे कळवलं. मग पडद्यावर एक चौकट आली : 'आपल्या मजकुरासाठी सुधारणा उपलब्ध आहेत. सर्व सुधारणा मान्य?'

मला आजही तो क्षण आठवतो. या वाक्यात 'मजकुरासाठी' अगदी बिनचूक लिहिलं होतं. ऱ्हस्व 'कु'. मला वाटलं, चला, निदान यांच्याकडे एक तरी शिकलेला माणूस आहे. त्या माणसाबद्दल मला आपुलकी वाटली. सुधारणा म्हणजे जाणकार म्हणाले त्याच, प्रोग्रामच्या, असं मी धरून चाललो. आमच्या भाषेत सुधारणा म्हणजे दुरुस्तीसुद्धा, हे मला, ज्याचं पोट त्या दुसऱ्या अर्थावर चालतं त्या माणसाला, सुचलं नाही. मी 'मान्य' दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या संगणकापुढं बसली. मी बाहेरच्या खोलीत कुणाच्या तरी भूगोलातल्या नद्यांचे ऱ्हस्व-दीर्घ बघत होतो. आतून तिचा वाचण्याचा आवाज आला.

"'भूकंप : माझा भाचा. लहानपणी फार गुबगुबीत होता. उदाहरण : भूकंप येतोय असं कळलं की खाऊचे डबे वर ठेवावे लागत.'" ती थांबली. "भुपकू, हे काय रे?"

मी उठून गेलो. प्रोग्रामनं शब्दकोश तपासला होता. ज्या शब्दाची त्याला ओळख नव्हती तो त्यानं चुकीचा ठरवला होता आणि त्याच्या जागी ओळखीतला, जवळचा, शुद्ध शब्द बसवला होता. आणि शब्दकोशातला एकूण एक शब्द अनोळखी होता. अर्थ मात्र साध्या भाषेत लिहिलेले असल्यामुळे त्यांना त्यानं हातही लावला नव्हता. 'रहदारी : रागाने घर सोडून निघणे आणि कोपऱ्यावरून परत येणे. वडील दर रविवारी रहदारी करत.' 'पांघरूण : समोरचा बोलत असताना झोपेत मान डोलावणे.' 'गणपूर्ती : काहीतरी फोडल्यावर मुलाने धरलेली शांतता.'

मला आधी हसू आलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच हसू आलं. तेवढ्यात बायको हात पुसत आली, तिनं मागं उभी राहून पुढची ओळ वाचली आणि तिचा चेहरा बदलला. 'उकिरडा. उदाहरण : सूनबाईच्या फ्रीजमध्ये नेहमी एक तरी उकिरडा असतो.'

"आत्या," बायको म्हणाली, "मनात होतं तर तोंडावर बोलायचं होतंत. लिहून कशाला ठेवलंत?"

"अगं, उरकुंडी! उरकुंडी लिहिलं होतं मी!"

"छापणार होतात ना हे? सगळ्या नातेवाइकांना वाटणार होतात?" एवढं बोलून ती फ्रीज उघडून आतली सगळी भांडी धडाधड ओट्यावर काढू लागली. त्यात खरोखरच चार उरकुंड्या निघाल्या, पण ते बोलायची ती वेळ नव्हती. मी गप्पूट धरली.

आत्या मात्र वाचत राहिली. प्रत्येक शुद्ध शब्दावर बोट ठेवून ती मूळचा शब्द पुटपुटायची. रहदारी, रुसफेरी. पांघरूण, पेंगुरणं. मला हायसं वाटलं. म्हटलं, हिला सगळं पाठ आहे, एका दुपारचं काम आहे. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं आणि तिथंच राहिलं.

'खुर्ची : रडू आल्यावर जांभई आल्याचे सोंग करणे. मोठे पुरुष करतात. शब्द दादाचा.'

"इथं काय होतं?" आत्यानं विचारलं.

"तूच लिहिलं होतंस ना," मी म्हणालो.

"हो. म्हणून तर." ती माझ्याकडे बघायला लागली. "लिहून ठेवला होता ना मी. म्हणून सोडून दिला असणार डोक्यातून."

मग तिनं सांगितलं. तिची पहिली नोकरी दुसऱ्या गावात लागली, तेव्हा तिला गाडीत बसवून द्यायला आजोबा आणि माझे वडील गेले होते. गाडी हलायच्या वेळी आजोबांनी मोठी जांभई दिली. मग दुसरी दिली. मग तोंडावर हात ठेवून तिसरी. आत्या रडायच्या बेतात होती. माझ्या वडिलांनी खिडकीशी येऊन तिच्या कानात तो शब्द सांगितला, तिथल्या तिथं बनवलेला, आणि ती हसायला लागली. त्या नव्या गावात, भाड्याच्या खोलीत, रडू आलं की ती तो शब्द मोठ्यानं म्हणायची.

"आणि आता आठवत नाही?"

"जिभेवर आहे," ती म्हणाली. "पण जिभेवर आता ही खुर्ची बसलीय."

त्या क्षणी मी पेटून उठलो. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. तिथं एका यंत्रानं मला भाषा निवडायला सांगितली, मग अडचण निवडायला सांगितली, आणि मी निवडलेली अडचण आपल्याकडे नाही असं सांगून फोन ठेवून दिला. जाणकार खाली आले आणि म्हणाले, "तुम्ही बंद करून परत चालू का करत नाही?" आम्ही बंद करून परत चालू केलं. भूकंप तसाच होता. जाणकार म्हणाले, "पण एका अर्थानं आता शुद्ध झालंय की." त्यांच्यावर मी पहिल्यांदाच आवाज चढवला, आणि तो शुद्धतेच्या विरोधात चढवला, याचं मला नंतर नवल वाटलं.

शेवटी मी आणि आत्या कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो. थंडगार खोली, काचेची टेबलं, भिंतीवर हसऱ्या माणसांची चित्रं. आमचा क्रमांक आला तेव्हा एका मुलीनं गोड आवाजात विचारलं, "वापरकर्ता कोण आहेत?"

"आम्ही वापरकर्ते नाही," मी म्हणालो. "आम्ही मालक आहोत."

तिनं पडद्यावर खाली-वर पाहिलं. "सर, मालक असा पर्याय नाहीये यात."

"शब्द माझे आहेत, बाळा," आत्या म्हणाली. "मी टाइप केलेत."

"हो मॅडम, मजकूर तुमचाच आहे. फक्त आवृत्ती आमच्याकडे असते." मग तिनं करारातलं ते कलम पडदा फिरवून आम्हाला दाखवलं. वापरकर्त्याच्या मजकूरात योग्य ते बदल करण्याचा हक्क.

"हे मी वाचलंय!" मी ओरडलो. "यातला 'कू' चुकलाय! आणि 'राहील' मधला 'ही' पण!"

"वाचलं होतं ना सर," ती मुलगी म्हणाली, आणि तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्तच लागला. आत्यानं माझ्याकडे पाहिलं.

पण मुलगी भली होती. तिनं शोधून सांगितलं की सुधारणेआधीची आवृत्ती अजून शिल्लक आहे. महिनाभर ठेवतात. परत आणता येईल, फक्त ओळख पटवावी लागेल. आत्यानं माझा दंड घट्ट धरला. मी खुर्चीत सरसावून बसलो.

"तुमचं बालपणीचं लाडकं नाव काय, सर?"

आमच्या मागं रांग होती. रांगेत एक सुटातले गृहस्थ होते, दोन कॉलेजच्या मुली होत्या. मी पुढं वाकून हळूच सांगितलं.

"काय सर? जरा मोठ्यानं."

"भुपकू!" आत्या म्हणाली. रांगेतल्या मुली खोकल्या.

माझ्यापुढं कळफलक सरकवण्यात आला, कारण उत्तर वापरकर्त्यानं स्वतः लिहावं असा नियम होता. मी लिहिलं : भुपकू. शेवटची कळ दाबण्याआधी अक्षरं जराशी थरथरली आणि तिथं 'भूकंप' झालं. 'उत्तर चुकीचे आहे.'

मी पुन्हा लिहिलं, सावकाश. पुन्हा भूकंप. पुन्हा चुकीचे.

"ही तुमची सुधारणा बंद करा आधी," मी म्हणालो.

"होते ना सर बंद. पण त्यासाठी आधी ओळख पटवावी लागते."

"आणि ओळख पटवायला?"

"उत्तर लिहावं लागतं."

आत्या म्हणाली, "मी लिहिते." तिनं पदर खोचला, दहाही बोटं कळांवर ठेवली आणि कचेरीत साहेब डोक्यावर उभा असताना टाइप करायची त्या वेगानं तो शब्द मारला. मशीनला सुधारायला वेळच मिळू नये असा तिचा बेत होता. मशीन तिच्यापेक्षाही वेगवान निघालं. भूकंप. तिसरं उत्तर चुकीचं गेल्यामुळे तुमच्याच सुरक्षिततेसाठी खातं महिनाभर बंद करत आहोत, असं लिहून आलं. यातही 'सुरक्षिततेसाठी' बिनचूक होतं.

"महिन्यानं उघडेल सर," मुलगी म्हणाली.

"आणि ती आधीची आवृत्ती?"

तिनं पडद्यावर पाहिलं, मग आत्याकडे, मग परत पडद्यावर. "ती त्याच्या आधी जाईल," ती म्हणाली. "सॉरी, आजी."

परतीच्या वाटेवर मीच बोलत होतो. ग्राहकांचे हक्क, तक्रार, वर्तमानपत्रात पत्र, असं बरंच काही. कोपऱ्यावर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "जुना काय वाईट होता रे? मी म्हणत होते ना, बोला की." मी सवयीनं ते मनातल्या मनात तपासलं. त्या वाक्यात एकही चूक नव्हती.

बंद खात्यातलं वाचायला परवानगी होती, बदलायला नव्हती. म्हणून मी सगळा शब्दकोश कागदावर छापून घेतला आणि रविवारी दुपारी आम्ही जेवणाच्या टेबलाभोवती बसलो. मी, आत्या, बायको, आणि फोनवर आमची मुलगी. मी लाल पेन्सिल काढली. आणि जे काम मी उभ्या हयातीत केलं नव्हतं ते करायला लागलो. बरोबर शब्द खोडून त्याच्या जागी चुकीचा लिहायचा.

हात धजत नव्हता. 'रहदारी' हा इतका निर्दोष शब्द, त्याच्यावर रेघ मारताना अंगावर काटा आला. पण हळूहळू जमायला लागलं. बायकोनं स्वतःच्या हातानं 'उकिरडा' खोडून 'उरकुंडी' लिहिलं आणि खाली आणखी एक उदाहरण घातलं, ते आत्याबद्दल होतं. मुलगी फोनवर म्हणाली की तिच्या ऑफिसात सगळे उरकुंडी म्हणतात, तिनंच शिकवलंय. आत्या त्यावर इतकी खूश झाली की तिनं फोन हातात घेऊन तो शब्द परत परत म्हणवून घेतला. जाणकार आले, बसले, त्यांच्या घरातला एक शब्द सांगून गेले. तो छापण्यासारखा नाही.

पण काही जागा रिकाम्या राहिल्या. 'कपाट', 'हरकत', 'सोमवार' हे मुळात काय होते ते कुणालाच लागलं नाही. आणि खुर्ची.

त्या एका शब्दावर आम्ही फार वेळ घालवला. खुर्चीच्या जवळपासचं काय असेल? खुरची, कुरची, खुरमी, खुर्चट. मी माझ्या धंद्यातली सगळी विद्या पणाला लावली, कुठलं अक्षर चुकून कुठलं होतं, कुठला काना कुठं जातो. एकेक शब्द मी म्हणायचो आणि आत्या डोळे मिटून ऐकायची आणि मान हलवायची.

"नाही," ती म्हणायची. "त्यात हसू होतं. हे नुसते शब्द आहेत."

संध्याकाळ झाली. बायकोनं दिवा लावला. आत्यानं डोळे उघडले आणि म्हणाली, "राहू दे आता. गेला तो."

मी कागदावर 'खुर्ची' या शब्दावर लाल रेघ मारून ठेवली होती आणि समासात पेन्सिल टेकवून बसलो होतो. समासात लिहायला काही नव्हतं. माझ्या वडिलांनी एका गाडीच्या खिडकीशी बनवलेला शब्द, त्यांच्या बहिणीनं एवढी वर्षं सांभाळलेला, आणि तो मी मान्य म्हणून घालवला होता. मला ते फार वाईट वाटलं. इतकं की मी तोंडावर हात ठेवून मोठी जांभई दिली. मग आणखी एक दिली.

आत्या माझ्याकडे बघत होती.

"भुपकू," ती म्हणाली, "खुर्ची."

स्वयंपाकघराच्या दारातून बायको घाईघाईनं आली आणि तिनं आत्याच्या पाठीमागं एक खुर्ची आणून ठेवली. "बरं वाटत नाहीये का, आत्या? बसा ना."

आत्या आधीच खुर्चीत बसलेली होती. तिनं मागं वळून त्या दुसऱ्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ती हसायला लागली. डोळे पुसत, टेबलावर हात आपटत हसायला लागली. बायकोला काही कळेना, पण तीही हसली. मी मात्र तिसरी जांभई देत होतो.

आमच्या धंद्यात एक खूण असते. चुकून खोडलेला शब्द तसाच राहू द्यायचा असेल तर त्याच्याखाली टिंबं द्यायची. मी आयुष्यात ती फार कमी वेळा वापरली आहे, कारण मी सहसा चुकून खोडत नाही. मी ती लाल रेघ मारलेली 'खुर्ची' समोर घेतली आणि तिच्याखाली एकेक टिंब द्यायला लागलो.

"म्हणजे दादाचा शब्द गेलाच," आत्या म्हणाली.

"गेला," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, तोंडावर पदर धरला आणि खिडकीकडे वळून एक लांबलचक जांभई दिली. मी कागदावर 'मोठे पुरुष करतात' यातल्या 'मोठे पुरुष' या शब्दांवर रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'मोठी माणसं'. ही एक सुधारणा मी वाचून मान्य केली.